खोक्याची क्रेन

आबांनी सगळी नोकरी जमिनीपासून चार मजले वर, काचेच्या केबिनमध्ये एकट्याने काढली. ते गोदीत क्रेन चालवायचे. खालचा माणूस हाताने खुणा करायचा आणि आबा त्याप्रमाणे माल उचलायचे, फिरवायचे, ठेवायचे. बोलायला तिथे कुणी नव्हतंच. निवृत्त होऊन घरी बसले, तरी बोलण्याची सवय काही लागली नाही. ‘हं’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांवर ह्यांनी अख्खा संसार केला, असं आजी म्हणायची.

त्यांची चार वर्षांची नात अगदी उलट. डोळे उघडायच्या आत तिचं तोंड उघडायचं. घरात तिला सगळे टकळीच म्हणत.

मध्येच आजीच्या बहिणीचा पाय मोडला आणि आजी तिकडे गेली. त्यातच टकळीच्या बालवाडीच्या छताचं काम निघालं. मुलगा आणि सून दोघंही कामावर जाणारे. सून दारात चप्पल घालता घालता म्हणाली, “बाबा, कापा, चिकटवा, रंगवा, काहीही करा. फक्त तिच्या हातात मोबाईल देऊ नका.”

“हं,” आबा म्हणाले.

त्यांनी आजीच्या शिवणाच्या डब्यातली बटणं जमिनीवर ओतली. लाल एका वाटीत, निळी दुसरीत, पांढरी तिसरीत. टकळीने बडबडत बडबडत ती वेगळी केली आणि विचारलं, “आता?”

“परत मिसळ,” आबा म्हणाले. टकळीने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनाच कसंतरी झालं.

मग पिठाचा गोळा करून प्राणी बनवायचं ठरलं. पाणी जास्त झालं. प्राणी झालेच नाहीत, आबांची पांढरी मिशी मात्र आणखी पांढरी झाली. टकळी हसून हसून लोळली.

दुसऱ्या दिवशी आबांची नजर बुटांच्या रिकाम्या खोक्यावर गेली. त्यांनी खोक्याला दोन भोकं पाडली, त्यातून पेन्सिल घातली, पेन्सिलीवर दोऱ्याचं रीळ घट्ट बसवलं. दोरा खोक्यावर तिरक्या चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या लांब नळीतून पुढे काढला आणि टोकाला वाकवलेली टाचणी... नको, टाचणी टोचेल, म्हणून कागदाची क्लिप बांधली. पेन्सिल फिरवली की क्लिप वर जायची. काड्यापेट्यांना दोऱ्याचे फास लावले, की माल तयार.

“तू क्रेनवाली,” आबांनी टकळीला स्टुलावर बसवलं. “वर केबिनमध्ये काही ऐकू येत नाही. फक्त माझ्या हाताकडे बघायचं.”

बोट वर करून फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की सोड. मूठ वळली की थांब. डावा हात पसरला की खोकं डावीकडे वळव, उजवा पसरला की उजवीकडे. टकळीने ओठ आत ओढून घेतले आणि कामाला लागली. चिमुकली बोटं पेन्सिल हळूहळू फिरवायची, पेटी लोंबकळत वर यायची. खाली उतरलेली प्रत्येक पेटी ती मनात मोजायची. सातवर ती नेहमी अडखळायची, त्या दिवशी अडखळली नाही.

तेवढ्यात शेजारीण दार ढकलून आत आली. “घरातून आवाज नाही, म्हणून घाबरले. पोरगी बरी आहे ना?”

टकळीने तिला मूठ दाखवली. म्हणजे थांब.

दुपारी अदलाबदल झाली. आबा स्टुलावर, टकळी खाली. तिने मूठ वळली, पण आबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि पेटी धाडकन तिच्या पायाजवळ पडली.

“आबा, लक्ष कुठंय तुमचं? माणूस मेला असता ना खाली.”

आबा हसायला लागले, ते थांबेचनात. हसता हसता बोलायलाही लागले. वादळात केबिन कशी डुलायची, एकदा अख्खा हत्ती कसा जहाजातून उतरवला, तो हवेत कसा कान हलवत होता. टकळी ऐकत बसली. मध्ये फक्त एकदा म्हणाली, “आणि मग?”

आठवड्याने आजी परतली, तेव्हा बैठकीत तीन क्रेन उभ्या होत्या, शेजारणीची जुळी नातवंडं माल चढवत होती आणि आबा त्यांना काहीतरी रंगवून सांगत होते. आजी पिशवी हातात धरून तशीच दारात उभी राहिली.

“इतकी वर्षं हा माणूस होता कुठे?” तिने सुनेला विचारलं.

“वर,” टकळीने परस्पर सांगून टाकलं. “आता खाली आलेत.”

आजीने पिशवी ठेवली, पदर खोचला आणि जमिनीवर बसून म्हणाली, “मला कुठली पेटी उचलायची?”