भिंतीमागची बाग

आत्याने एकतीस वर्षं बस आगाराच्या चौकशी खिडकीत बसून फक्त खरं सांगितलं. गाडी कधी सुटेल, का रद्द झाली, सगळं. खरं ऐकून लोक तिच्यावरच खेकसायचे. निवृत्त झाल्यावर तिने ती कसर भरून काढली. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य पूर्वी सर्कशीत होते, हे तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं की शेजारच्या दोघांनी दवाखाना बदलला.

तिची भाची घरातच व्हिडिओ गेम बनवायची. नव्या गेममध्ये खेळणारा एका ओसाड राजवाड्यात फिरतो आणि एक आवाज त्याला वाट दाखवतो. या आवाजासाठी भाचीने आत्याला धरलं. कपड्यांचं कपाट रिकामं करून आत गोधड्या टांगल्या, माइक लावला आणि आत्याला स्टुलावर बसवलं.

कागदावर होतं, ‘समोर भिंत आहे. मागे फिरा.’

आत्याने वाचलं, “समोर भिंत आहे. पण भिंतीमागे बाग आहे हं. मी स्वतः पाहिलीये.”

“आत्या, तिथे बागबीग काही नाहीये!”

“तुला काय माहीत?”

“अगं, राजवाडा मी बांधलाय!”

“बांधणाऱ्याला सगळंच कुठे ठाऊक असतं?” कपाटातून उत्तर आलं.

ते वाक्य नंतर कापू, असं भाचीने ठरवलं आणि गडबडीत कापायचं राहूनच गेलं. गेम बाहेर पडला. आठवड्याभरात पत्रांचा पाऊस! कुणी भिंतीला धडका देत होतं, एका मास्तरांनी अख्खा रविवार तिथे घालवला होता. त्यात एकाने चक्क लिहिलं, ‘मला बाग सापडली. तीन डाळिंबं आणि कोरडी विहीर.’

“धडधडीत खोटं!” भाची ओरडली.

“भला माणूस दिसतोय,” आत्या म्हणाली.

लगेच दुसऱ्याने कळवलं, विहिरीला पाणी आहे. मग तर वादच पेटला. शेवटी भाचीने हात टेकले आणि बाग करायला बसली. महिनाभर आत्या तिच्या खुर्चीला खेटून. “ते झाड जरा डावीकडे घे. होतं तिथेच लाव ना.” विहिरीवरून दोघींचं दोन दिवस बिनसलं, मग पाणी घातलं, पण थोडंच.

बाग उघडली तेव्हा आत्या स्वतः तिथे गेली. डोळे पुसून म्हणाली, “पडद्याचा उजेड फार आहे तुझ्या.”

दुसऱ्या दिवशी पहिलं पत्र आलं ते त्या डाळिंबवाल्याचं: ‘आधीची बाग जास्त चांगली होती.’

भाचीने कपाळावर हात मारला. आत्या मात्र चष्मा लावून त्याला उत्तर लिहायला बसली. चार पानं झाली आहेत, अजून लिहितेच आहे.