कोपरेकाका आणि माझी वाइड लेन्स

कोपरेकाका फोटोच्या मधोमध कधी बघतच नसत. मी मोठ्या हौसेने त्यांना माझ्या लग्नाचा अल्बम दाखवला, तेव्हा नवरा-नवरी, अक्षता, डोळे पुसणारी सासू हे सगळं ओलांडून त्यांचं बोट थेट डाव्या कोपऱ्यावर गेलं. "इथे मांडवाचा खांब वितळलाय," ते म्हणाले. "फोटोग्राफरची लेन्स रद्दी होती. बाकी लग्न बरं झालं ना?" त्या दिवसापासून आमच्या टोळक्यात त्यांचं खरं आडनाव मागे पडलं.

टोळकं म्हणजे मोबाइलच्या जमान्यातही फिल्मवर फोटो काढणारे आम्ही मूठभर वेडे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले काका आमचे परीक्षक. कोणी जुनी वाइड अँगल लेन्स मिळवली की ती आधी सदाशिव पेठेत, काकांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हजर करायची. "मधे सगळ्याच लेन्स शहाण्या असतात," ते सांगत, "वाइडची अक्कल कळते ती कडेला."

पार्किंगच्या भिंतीवर ते वर्तमानपत्राची पानं चिकटवत, तीही वधू-वर जाहिरातींची, कारण अक्षर बारीक. मग तिपाईवर कॅमेरा, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं आणि क्लिक. निगेटिव्ह धुऊन झाली की भिंगातून वाचायची. मधल्या जाहिरातीतला 'निर्व्यसनी' कोपऱ्यातल्या जाहिरातीतही वाचता आला, तर लेन्स पास. एकदा वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "साहेब, काकांना या वयात दुसरं करायचंय का?"

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. भिंतीच्या मध्यावर ते छोटा आरसा टांगत. कॅमेऱ्यातून बघताना त्या आरशात लेन्सचं स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसलं, तरच कॅमेरा भिंतीला समांतर. जरा तिरका राहिला, तर एक बाजू पुसट येते आणि बिचाऱ्या लेन्सवर उगाच आळ येतो. "निरपराध माणसाला फाशी द्यायची नाही," असं म्हणत ते तिपाई केसभर सरकवत राहत. आमचे पाय दुखायला लागत.

माझ्या मामांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी आपली लाडकी वाइड लेन्स माझ्या हवाली केली. ती मी काकांकडे नेली. काकांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, आणि मग स्वतःच्या रुमालाने हळुवार पुसली. इथेच मला कळायला हवं होतं. पण मी पडलो बावळट.

"आज आरसा नाही?" मी विचारलं.

"सुनेने नेलाय. माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का तुमचा?"

होता ना! पुढच्या रविवारी त्यांनी निगेटिव्हच्या उजव्या कोपऱ्यावर भिंग ठेवलं. तिथे सगळे निर्व्यसनी झिंगलेले दिसत होते. "विकू नका हो कोणाला, फसवल्यासारखं होईल," काका हळहळले. "राहू दे माझ्याकडे. सुटे भाग तरी कामाला येतील." मी लेन्स दिली. वर आभार मानले. त्याच्याही वर आंब्याची पेटी पोचवली.

वर्षभराने आमच्या टोळक्याने छोटं प्रदर्शन भरवलं. त्यात काकांचा मंडईचा फोटो होता. वरच्या छपरापासून खालच्या कोपऱ्यातल्या मिरचीच्या देठापर्यंत सगळं लखलखीत. मी बघतच राहिलो. शेजारचे एक सदस्य म्हणाले, "कमाल आहे हो तुमच्या लेन्सची! काकांना देऊन टाकलीत म्हणे? मन मोठं आहे तुमचं."

मन मोठं घेऊन मी घरी आलो आणि ती जुनी निगेटिव्ह शोधून भिंगाखाली धरली. या वेळी पहिल्यांदाच डावी बाजूही बघितली. डावीकडचं पान मोठं आणि अक्षर न् अक्षर स्वच्छ. उजवीकडचं लहान आणि पुसट. कॅमेरा तिरका होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "काका, त्या दिवशी कॅमेरा तिरका होता."

"होता."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून? अपमान करताय का माझा?"

"मागितली असतीत तर दिली असती मी."

"नसती दिलीत. मामांची होती." काका आत गेले, लेन्स घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "तुम्ही तिने काय काढणार होतात? सोसायटीचं हळदीकुंकू. मला दया आली तिची. न्या. आणि चहा घ्या आधी, आत टाकलाच आहे."

मी चहा घेतला नाही. माझ्या पुणेरी आयुष्यातलं एवढं एकच बाणेदार कृत्य.

लेन्स परत आली, पण तिच्यासोबत बाकीचं सगळं शंकेत बुडालं. त्यांनी नापास केलेल्या किती लेन्स मी बिनबोभाट वाटून टाकल्या! त्यातल्या खरंच वाईट किती? आणि त्याहून छळणारी गोष्ट वेगळीच. लोणी काळभोरच्या रस्त्यावर उसाच्या गाडीखाली झोपलेल्या माणसाचा मी एक फोटो काढला होता. तो बघून काकांनी भिंग खाली ठेवलं होतं. "हा जमलाय तुम्हाला," म्हणाले होते. उभ्या ओळखीत त्यांनी केलेलं माझं एवढंच कौतुक. त्याच्या जोरावर मी अजून फिल्म विकत घेतो.

मुलाची बदली झाली, तसे काका आता नाशिकला असतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, फिल्मच्या भावांबद्दल बोललो. तो फोटो खरंच जमला होता का, हे विचारायला तोंड उघडलं होतं मी. मिटलं. ते 'हो' म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला नसता. 'नाही' म्हणाले असते, तर लगेच ठेवला असता.