गच्चीवरची पपई

मस्कतमध्ये असताना मी एका सरकारी समितीला सल्ला देत असे. जनुकीय बदल केलेली बियाणी आणि फळं देशात येतात, त्यांना नियम कसे लावायचे, हा समितीचा विषय. चाचण्या आमच्याच प्रयोगशाळेत होत. माझं मत ठाम होतं, बंदरावर उतरणाऱ्या बियाण्यांवर लक्ष ठेवा. फळाचं काय, आलं, खाल्लं, खलास.

एकदा समितीतल्या ओमानी अधिकाऱ्यांना चाचणी प्रत्यक्ष बघायची होती. बाजारातल्या परदेशी पपईच्या जोडीला तुलनेसाठी जनुकीय बदल नसलेली एक साधी पपई हवी होती. मस्कतमधल्याच दार्सैतला आमच्या गच्चीवर नवऱ्याने पिंपात लावलेलं झाड होतं. त्याचं पान खुडून नेलं.

अतिनील दिव्याखाली बाजारच्या पपईत बदललेल्या जनुकाचा पट्टा उमटला. शेजारी माझ्या पानाचाही उमटला, तितकाच ठळक. मला वाटलं, हात कुठेतरी चुकला. दुसऱ्या दिवशी नवं पान, नवी रसायनं घेऊन पुन्हा केलं. पट्टा तिथेच. ज्यात पपईच नव्हती तो कोरा नमुना मात्र स्वच्छ, म्हणजे चाचणीत भेसळ नव्हती.

"हे झाड कुठलं, डॉक्टर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या घरचं," मी म्हणाले.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, बिया कुठून आणल्या. त्याने सहज सांगितलं, रूवीच्या बाजारातली एक पपई फार गोड निघाली, तिच्याच बिया लावल्या. मी सगळं सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला. आमची मुलगी वर्षभर तीच पपई मीठ लावून खात होती.

"तिला काही होईल का गं?"

हाच प्रश्न समितीत कितीदा आला होता आणि मी न अडखळता उत्तर दिलं होतं, की खाण्यात धोका असल्याचं दिसलेलं नाही. ते खरंच होतं. तरी त्या संध्याकाळी तेच वाक्य मी त्याला दोनदा सांगितलं.

मग तो हळूच म्हणाला, "रोपं मी इब्रीलाही दिलीत." मस्कतपासून दूरच्या त्या गावात त्याचा रत्नागिरीकडचा मित्र दुकान चालवायचा. त्याने ती आपल्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या मळ्यात लावली होती.

आम्ही इब्रीला गेलो. रोपं दोन-चार असतील, अशी माझी समजूत. मळ्यात पपईची अख्खी रांग उभी होती, फळांनी लगडलेली. म्हाताऱ्या अर्बाबनी आम्हाला खजूर-कहवा दिला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आपण बिया शेजारच्या मळ्यांतही वाटल्या आहेत, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. झाडं तोडायला ते तयार नव्हते.

"कुठल्या कायद्याने तोडू, ते सांगा," ते म्हणाले.

कायदा नव्हताच. तो तर आम्ही अजून लिहीत होतो.

पुढच्या बैठकीत मी माझा सल्ला मागे घेतला. ज्या फळात रुजणारी बी आहे त्याला बियाण्याचाच नियम लावा, असं सुचवलं. मसुद्यात तसं कलम आलं. गच्चीवरचं झाड आम्ही काढलं. इब्रीची रांग मात्र तशीच राहिली.