प्रल्हादचं पौषातलं मत

आमचे नगरसेवक, म्हणजे माझा नवरा प्रल्हाद, मूळचे साताऱ्याचे. आयर्लंडला मास्टर्स करायला आले, सॉफ्टवेअरमध्ये चिकटले. मी इथल्या नावन गावच्या हॉस्पिटलात भूल देते, म्हणून घरही इथेच घेतलं. मग साहेबांना समाजसेवेची उबळ आली आणि ते कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले.

निवडून आलो ते कर्तृत्वावर, असं तो सांगतो. कसलं कर्तृत्व! त्याला निवडून आणलं फिडेल्मा गेरटीनं. ती आमच्या मागच्या गल्लीतली, कारखान्यातल्या युनियनची पुढारी. ती पावसात महिनाभर त्याला दारोदार घेऊन हिंडली. 'हा आपलाच माणूस आहे, मत द्या,' असं तीच सांगायची. प्रल्हाद मागे उभा राहून नुसता हसायचा.

यंदा मंदी आली. कारखान्याला कुलूप लागलं, फिडेल्मासकट सगळे घरी बसले. घराचे हप्ते, विजेची बिलं डोक्यावर, आणि सरकार म्हणतंय धीर धरा. धीराला पैसे पडत नाहीत ना! फिडेल्मा चिडली आणि कामगारांच्या गटातून थेट सेनेटला, म्हणजे इथल्या विधान परिषदेला, उभी राहिली. तिच्यामागे ना पैसा, ना पक्ष.

आता या गटांना इथे जनता मत देत नाही, मुख्यतः नगरसेवकच देतात. झालं! आमच्या घराचं लग्नघर झालं. कोणी स्लायगोहून तीन तास गाडी हाकत येतोय, कोणी किलकेनीहून. माझ्या चकल्या फस्त करून विचारायचे, 'पहिली पसंती मलाच ना?' दारात आलेल्याला नाही म्हणायचं ही प्रल्हादच्या घरची रीतच नव्हे. 'ग्रँड, ग्रँड,' म्हणजे इथलं 'बरं, बरं', सगळ्यांना एकच उत्तर. फिडेल्मा तेवढी आली नाही. घरच्या माणसाकडे काय मत मागायचं, म्हणाली.

मतपत्रिका आली. पसंतीचे आकडे टाकायचे, कौन्सिलच्या अधिकाऱ्यासमोर सही करायची, रजिस्टर्ड पोस्टानं डब्लिनला पाठवायची. अर्ध्या तासाचं काम. पण सासूबाई आल्या होत्या ना!

"प्रल्हाद, पौष चाललाय. पौषात कुणी चांगलं काम करतं होय रे? बिचारीला यश यावं असं वाटतं ना तुला?"

"आई, इथे पौष नसतो, जानेवारी असतो," मी म्हटलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

आणि आमचे इंजिनिअर? "माझा विश्वास नाहीच गं, पद्मिनी. पण आईचं मन कशाला मोडायचं?" पत्रिका देवासमोर ठेवली.

इकडे चुरस वाढत चालली. कामगार गटातल्या शेवटच्या जागेचं काही खरं नाही, एकेक मत मोलाचं, असं रेडिओवर रोज सांगत होते. मी रोज त्याच्या कानीकपाळी ओरडत होते.

"अमावास्या संपली की माघ. माघाच्या पहिल्या दिवशी पहिलं काम हेच," तो म्हणायचा. "आणि तीच शेवटची तारीख आहे. आपण रिटर्न नाही का शेवटच्या दिवशी भरत?"

माघ लागला. नगरसेवक अंघोळ करून, आईनं हातावर ठेवलेलं दही-साखर खाऊन कौन्सिलात गेले. तिथल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पत्रिका आज सकाळी अकराच्या आत डब्लिनला पोचायला हवी होती म्हणे. पोचायला. पाठवायला नव्हे.

पडेल चेहऱ्यानं परत आला. "आईला सांगू नकोस," एवढंच बोलला. मला इतका संताप आला की हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं.

मोजणी लांबली. इथे मतांचेही तुकडे पडतात, जिंकलेल्याचा उरलासुरला वाटा पुढच्याला जातो. फिडेल्मा शेवटपर्यंत टिकली आणि अर्ध्या मतानं पडली. अर्ध्या! आणि एक अख्खं मत आमच्या देव्हाऱ्यात बसून वाया गेलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. डोळे सुजलेले होते, तरी येताना सासूबाईंसाठी केक करून आणला होता.

"कितीजणांनी तोंडावर शब्द दिला, प्रल्हाद, आणि पत्रिकेवर पसंती दुसऱ्यालाच दिली," ती म्हणाली. "कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही. पण तुझं मत होतं. रात्रभर तेवढाच आधार वाटला मला." आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

मी प्रल्हादकडे बघत राहिले. बोल, मेल्या, आता तरी बोल.

"अर्थातच, फिडेल्मा," तो म्हणाला.

सासूबाईंना इंग्रजी कळत नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणतीय गं ती?"

"आभार मानतीय, आई. मत दिल्याबद्दल."

"मानणारच!" त्या समाधानानं म्हणाल्या. "चांगल्या दिवशी दिलेलं मत ते."