डिक्कीची चावी

किसन गेला त्याला महिना झाला. शोकसभेला आमचे काकाही आले होते, पहिल्या रांगेत. उठून म्हणाले, “माणूस सोन्यासारखा. मोटारीच्या वायरिंगमध्ये हात जरा बेताचा, पण मन मोठं.” लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा माझं जे डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

जळगावात किसन आणि मी चौथीपासून एका बाकावर. पुढे मी काकांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो, त्यांची मोटारही मीच चालवायचो. त्यानं वायरिंगचं दुकान टाकलं. एके वर्षी काकांनी मोटार नव्यानं रंगवून घेतली आणि मागचे दिवे बिघडले. ब्रेक दाबला की मिणमिणायचे, इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकायचा. साक्रीकडे देवीला निघायचं होतं. किसननं बॅटरीपासून एक वायर आणून दिव्याच्या पत्र्याला टेकवली. दिवा लख्ख पेटला. “दिवास्ले अर्थच भेटत नही रे,” तो मला म्हणाला. करंट परत जायच्या वाटेला हे लोक अर्थ म्हणतात. “बोल्ट डिक्कीमा शे, रंगखाले दबी गया. उघाड, घासी देस.”

काका ओट्यावरूनच म्हणाले, “काय ते बाहेरूनच कर. आत देवीची भांडी आहेत.” किसन बौद्ध होता. एवढंच कारण, दुसरं काही नाही. “बाहेरथून होवाव नही, आबा,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला... डिक्कीची चावी माझ्या मुठीत होती. मी नवा रंग न्याहाळत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून मिस्तरी आणला. त्यानं तीच भांडी तेलकट हातांनी उचलून खाली ठेवली, बोल्टखालचा रंग खरवडला आणि पाव तासात मोकळा झाला. काकांनी गावभर केलं की किसनला साधा दोष सापडला नाही. त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. त्याला तो पाच मिनिटांत सापडला होता, हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

बऱ्याच वर्षांनी धीर करून विचारलं, “तू लोकांना सांगितलं का नाहीस?” वायर सोलता सोलता तो म्हणाला, “मी काय सांगू? चावी तुमना हातमा व्हती, भाऊ.” मोटारीच्या त्या दिवसापासून तो मला ‘तुम्ही’ म्हणायला लागला होता... काकांचा राग येतो, पण तो निदान तोंडावर काढता येईल. स्वतःचा कुठे काढू?

परवा त्याच्या दुकानात गेलो. आता धाकटा भाऊ चालवतो. चोपड्याचं एक गिऱ्हाईक किल्ल्या पुढे करत होतं. त्यानं घेतल्या नाहीत. “डिक्की तुम्हीच उघाडा. दादानी पाडेल रीत शे.” गिऱ्हाईक माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणालं, “काय सचोटी शे बघा, कोनाच सामानले हात लावतस नही.” आणि घरी हा लेख अर्धा लिहून आलेला मी, “हो ना,” म्हणालो.