तालमीतली सून

बिरूचा आवाज माळावरचा. वाटूरला बापामागं मेंढरं वळता वळता कमावलेला. जालन्याच्या कॉलेजात नाटक शिकायला आला तेव्हा त्याचं साधं बोलणंही भांडण वाटायचं. हळू कसं बोलायचं, हे त्याला वर्गातल्या रेणुकानं शिकवलं. दोन वर्षं दोघं एका डब्यात जेवले.

तिसऱ्या वर्षी एकांकिकेत ते नवरा-बायको झाले. दिग्दर्शन मैत्रिणीचं, सबाचं. तिचा नियम कडक. पंधरा दिवस तालमीच्या खोलीबाहेरही भूमिकेतच राहायचं. मग रेणुका त्याचं नाव घेईना. "अहो, चहा घ्या," म्हणे. बिरूची झोप उडाली. हे नाटकातलं की खरं? विचारलं आणि दोस्तीच गेली तर?

बाराव्या दिवशी त्याच्या आईचा, कडूबाईचा फोन आला. बिरू नळावर होता. रेणुकानं फोन उचलला आणि नियमाप्रमाणं बोलली, "आत्याबाई, ते हातपाय धुऊन राह्यले."

परक्या पोरीनं पोराचं नाव टाळलं, वर आपल्याला सासूसारखं आत्याबाई म्हटलं. कडूबाईला आणखी काय सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती हिरवा चुडा घेऊन तालमीच्या दारात हजर.

"लपून लगीन केलं व्हय रं? कुठंय माझी सून?"

सबानं कपाळाला हात लावला. "या अल्ला! काकी, ती नाटकातली बायको. बिलकुल खोटी."

कडूबाईनं सबाकडं पाहिलंही नाही. "तू सांग बाई," ती रेणुकाला म्हणाली, "तुझ्या मनात हाय का न्हाई?"

बिरूला इतके दिवस जे जमलं नव्हतं, ते आईनं एका दमात विचारलं.

"मलाच कळंना झाल्तं, मावशी," रेणुका म्हणाली. "पण चुडा बघितला आन् कळलं. ह्यो माझा दोस्त हाय. दोस्तच गेला तर मी भांडू कुणासंग?"

आत्याबाईची मावशी झाली होती. आता दुखेल, म्हणून बिरू वाट बघत थांबला. दुखलं नाही. छातीवरचं काहीतरी उतरलं. तिच्या 'अहो'ची त्याला भीतीच वाटत होती, हे त्याला आत्ता कळलं.

"बोल की, बिऱ्या!" रेणुकानं त्याला ढोसलं.

"काय बोलू? तू बराबर बोललीस," तो म्हणाला आणि हसतच सुटला.

कडूबाईनं चुडा पुन्हा पिशवीत घातला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या बापाला अजून सांगितलं न्हवतं."