‘घड’ आणि आमचे नाना

आमच्या गल्लीतल्या नानांइतकं मनापासून निराश होणं मी दुसऱ्या कुणाला जमलेलं पाहिलं नाही. पाचोऱ्याच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले आणि जळगावात आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून गावातली एकही पाटी त्यांच्या दुःखातून सुटली नाही. लग्नपत्रिका आली की लोक तारीख बघतात, नाना कोपऱ्यातला गणपती बघायचे. एकदा समोरचे आबा मोठ्या हौसेने मुलीची पत्रिका घेऊन आले, तर नाना चष्मा काढून म्हणाले, "आबा, लग्नाला येईनच. पण या गणपतीला श्वास घ्यायला जागा नाही हो." आबांनी पत्रिका परत घेऊन निरखली आणि त्यांनाही जरा गुदमरल्यासारखं झालं असावं. नशिराबादजवळच्या ढाब्यावर आम्ही शेवभाजी खायला गेलो, तर नाना पदार्थांच्या फळ्याकडे पाठ करून बसले. मालकाने ‘शेव’ आणि ‘भाजी’ यांच्यात इतकं अंतर सोडलं होतं की त्यांना घास उतरेना. "एका वाटीत येणार आहेत ना दोघी? मग भांडल्यासारख्या का उभ्या केल्यात?" नाना रागावत नसत, हीच खरी पंचाईत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. ते नुसते खचायचे, आणि आपल्यामुळे एक म्हातारा माणूस खचला म्हणून समोरचाही खचायचा.

कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी केळीबागांवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘घड’. बोधचिन्ह कोमलने केलं. ती फैजपूरची, घरची केळीची बाग. तिने ‘घ’च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तोडून तिथून केळ्याचा बाक काढला होता. फलक, निमंत्रण, बिल्ले, सगळ्यांवर तेच जाणार होतं. कॉलेजातल्या सरांना दाखवलं, तर ते फोनवर बोलता बोलता "छान, छान" म्हणत पुढे गेले. मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, तर अंगठे आले. शेवटी मीच म्हटलं, नानांना दाखवू.

नानांनी कागद उजेडात नेला, सावलीत आणला, हात लांब करून पाहिला. मग चष्मा काढून खाली बसले. "हाई काय शे?" नाना अहिराणीवर उतरले की समजायचं, दुःख खोलवर गेलंय.

"घड, नाना," कोमल म्हणाली. "केळीचा."

"मला तर ‘धड’ दिसतंय, माय. मुंडकं कुठंय?"

आम्ही हसलो, मग कागदाकडे पाहिलं, आणि त्यानंतर आम्हाला धडाखेरीज काही दिसेना. तुटलेल्या रेघेने ‘घ’चा चक्क ‘ध’ झाला होता. इतक्या दिवसांत, इतक्या अंगठ्यांमध्ये, ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळंच वाया गेल्याच्या सुरात नाना हळूच म्हणाले, "बठ्ठं वाया गये." कोमलने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीने ती फैजपूरला निघून गेली. तिने फोन उचलणंच बंद केलं. हॉल ठरलेला, तारीख जवळ आलेली. बाकीचे दोघं म्हणू लागले, साध्या अक्षरांत नाव छापू आणि मोकळे होऊ. मला तर प्रदर्शनच नको झालं होतं. मी नानांसमोर जाऊन रडले. ते "अरेरे" म्हणाले. त्याने काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी नानांच्या दाराला कुलूप. ते फैजपूरला गेले होते. पुढचं मला कोमलने सांगितलं. भर उन्हात टोपी सांभाळत एक म्हातारा दारात उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, समजूत काढायला आलेत. नाना पाणी प्यायले, तिच्या वडिलांच्या केळीच्या खोक्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, यावरचं केळं काकडीसारखं दिसतंय." मग कोमलकडे वळून, "तुझाही बाक चुकलाय. चल, बागेत दाखव मला." दुपारभर तिला घडासमोर बसवून ते चित्रं काढायला लावत होते आणि प्रत्येक चित्रावर उसासा टाकत होते. तिच्या आईने मध्ये चहा आणला, तर "कपावरचं फूल कोमेजलंय" म्हणाले, पण चहा दोनदा घेतला.

कोमल परत आली. म्हणाली, "एवढ्या उन्हात कुणीतरी फक्त माझी चूक बघायला आलं होतं गं. घरी कशी बसू?" नव्या चिन्हात डोक्यावरची रेघ अखंड होती, घडाच्या दांड्यासारखी, आणि तिला ‘घ’ आणि ‘ड’ लगडले होते. नाना म्हणाले, "उजवीकडे जड झालंय." ते खरंही होतं, पण छापायला द्यायची वेळ झाली होती.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये आम्ही चौघं आणि पंखे. दुपारी अचानक माणसं यायला लागली. बाहेर जाऊन पाहिलं, तर नाना फाटकाशी उभे राहून रस्त्याने जाणाऱ्यांना अडवत होते, "आत पोरांचं प्रदर्शन आहे. चुका पुष्कळ आहेत. जाऊन बघा." चुका शोधायला आलेली माणसं बराच वेळ रेंगाळली. एक शेतकरी तर कोमलच्या चित्रापुढून हलेना.

आता नाना धुळ्याला मुलीकडे असतात. नजरेतला मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. परवा मी भेटायला गेले, तेव्हा फोनवर माझं नवं काम त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, फोन जवळ नेला, लांब नेला. मग माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "तूच सांग माय, कसं झालंय?"

मी म्हणणार होते, छान झालंय. पण मी त्यांच्या शेजारी सरकून बसले आणि एकेक सांगायला लागले: नाव फार खाली गेलंय, पिवळा भडक झालाय, कोपऱ्यात गर्दी झालीय. नाना खिडकीकडे तोंड करून लक्षपूर्वक ऐकत होते आणि मधूनमधून विचारत होते, "आणखी?"